श्रेष्ठ कोण? आकड्यांचा कौल आणि भाकितांची फसगत

रॉजर फेडरर श्रेष्ठ की राफेल नदाल, हा प्रश्न टेनिसरसिकांच्या कोणत्याही मैफलीत टाकून पाहावा. क्षणार्धात दोन तट पडतात. एक जण नदालने फेडररवर मिळवलेल्या २४ विजयांचा दाखला देतो, दुसरा फेडररच्या आठ विम्बल्डन विजेतेपदांचा. तेवढ्यात तिसरा नोव्हाक जोकोविचची २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदे पुढे करून दोघांनाही गप्प करू पाहतो. फेडरर सप्टेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाला, नदालने नोव्हेंबर २०२४ मध्ये रॅकेट खाली ठेवली. वाद मात्र निवृत्त व्हायला तयार नाही. उलट कार्लोस अल्काराझ आणि यानिक सिन्नर यांच्या रूपाने त्याला नवे वारस मिळाले आहेत.

अशा वादात दोन प्रश्न नकळत एकमेकांत मिसळतात. एक प्रश्न होऊन गेलेल्या लढतींचा असतो, दुसरा होऊ घातलेल्या कारकिर्दीचा. पहिल्याचे उत्तर आपण आकड्यांत शोधतो, दुसऱ्याचे उपजत गुणवत्तेत. या दोन्ही ठिकाणी फसगत कशी होते, हे या तिघांच्या आणि त्यांच्याच पिढीतील एका चौथ्या खेळाडूच्या वाटचालीतून स्पष्ट होते.

चोवीस विरुद्ध सोळा

फेडरर आणि नदाल यांच्यात २००४ ते २०१९ या काळात ४० सामने झाले. त्यांपैकी २४ नदालने जिंकले, १६ फेडररने. वरवर पाहता निकाल लागलेला आहे. पण टेनिस हा एकाच मैदानावर खेळला जाणारा खेळ नाही. लाल मातीवर चेंडू संथ होतो आणि उंच उसळतो. हिरवळीवर तो खाली राहतो व वेगाने पुढे सरकतो. हार्ड कोर्टचा स्वभाव या दोहोंच्या मधला. या ४० सामन्यांपैकी १६ लाल मातीवर झाले आणि त्यांतले १४ नदालने जिंकले. उरलेल्या २४ सामन्यांत फेडरर १४-१० असा पुढे होता.

यामागचे कारण तांत्रिक आहे. नदाल डावखुरा. त्याच्या फोरहँडच्या फटक्याला विलक्षण फिरकी असे. तो चेंडू फेडररच्या एकहाती बॅकहँडकडे जाई आणि मातीवर खांद्याच्या वर उसळे. एका हाताने तेवढ्या उंचीवरचा चेंडू जोरात परतवणे अत्यंत कठीण. हिरवळीवर हाच चेंडू कमरेच्या आसपास येई आणि फेडररचे काम सोपे होई.

आणखी एक बाब सहसा कुणी ध्यानात घेत नाही. ज्या अमेरिकन ओपन स्पर्धेत फेडररने २००४ ते २००८ अशी सलग पाच विजेतेपदे पटकावली, तिथे हे दोघे एकदाही आमनेसामने आले नाहीत. त्या वर्षांत नदाल तिथे फेडररपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पराभूत होत असे. फेडरर मात्र नदालचे साम्राज्य असलेल्या फ्रेंच ओपनमध्ये २००६, २००७, २००८ आणि २०११ साली अंतिम फेरी गाठत राहिला आणि चारही वेळा त्याच्याकडूनच हरला. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शेवटपर्यंत टिकल्याचा भुर्दंड त्याच्या खात्यावर पराभव म्हणून जमा झाला. लवकर हरणाऱ्याच्या खात्यावर मात्र या द्वंद्वापुरती कोणतीच नोंद झाली नाही.

म्हणून मातीवरचे सामने वगळावेत, असे मुळीच नाही. मातीवरचे टेनिस हेही टेनिसच, आणि १४ वेळा फ्रेंच ओपन जिंकणाऱ्याचे मोठेपण कुणी कमी करू शकत नाही. मुद्दा एवढाच, की आपसांतील विजयांची संख्या ‘कोणी कोणाला, कुठे आणि केव्हा अडवले’ एवढेच सांगते. ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

वयाचे गणित

‘केव्हा’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. फेडररचा जन्म ऑगस्ट १९८१ चा, नदालचा जून १९८६ चा आणि जोकोविचचा मे १९८७ चा. फेडरर आणि जोकोविच यांच्या ५० लढतींचा अखेरचा हिशेब जोकोविचच्या बाजूने २७-२३ असा आहे. पण २०१० च्या अखेरीस फेडरर १३-६ असा आघाडीवर होता. पुढच्या वर्षी त्याने तिशी गाठली आणि जोकोविच ऐन भरात आला. एकाचा उतार आणि दुसऱ्याचा चढ एकाच रकान्यात मांडला, की बेरीज बरोबर येते, पण अर्थ हरवतो.

काही वेळा तर अंतर केवळ दोन गुणांचे असते. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर फेडररकडे विजेतेपदाचे दोन गुण होते. दोन्ही हुकले. संपूर्ण सामन्यात जोकोविचपेक्षा १४ गुण अधिक मिळवूनही तो हरला. त्यांपैकी एक गुण जरी पडता, तरी त्या उन्हाळ्यात या वादातील अर्ध्या चाहत्यांची भाषा बदलली असती. खेळाडू मात्र तोच राहिला असता.

नवव्या वर्षी मुखपृष्ठावर

आता दुसरा प्रश्न, भविष्याचा. फ्रान्समध्ये १९९६ साली एका टेनिस मासिकाने आपल्या मुखपृष्ठावर नऊ वर्षांच्या मुलाचे छायाचित्र छापले. देश ज्याची वाट पाहत आहे तो विजेता हाच असेल काय, असा त्याचा आशय होता. त्या मुलाचे नाव रिशार गास्के. तो नदालपेक्षा अवघ्या पंधरा दिवसांनी लहान. १९९९ साली फ्रान्समधील तार्ब येथे होणाऱ्या बालगटाच्या नामांकित स्पर्धेत त्याने नदालला हरवले. २००२ मध्ये तो कुमार गटात जगात अव्वल ठरला. एप्रिल २००५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, माँटे कार्लो स्पर्धेत त्याने जगातील पहिल्या क्रमांकाच्या फेडररला नमवले. त्याचा एकहाती बॅकहँड पाहून जाणकारही हरखून जात. त्या क्षणी कौल मागितला असता, तर अनेकांनी तो गास्केच्या पारड्यात टाकला असता.

त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नदालने गास्केला हरवले. व्यावसायिक टेनिसच्या मुख्य दौऱ्यावर दोघांत एकूण १८ सामने झाले आणि अठराही नदालने जिंकले. गास्के ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तीनदा पोहोचला, अंतिम फेरीत एकदाही नाही. जागतिक क्रमवारीत त्याने सातव्या स्थानापर्यंत मजल मारली, १६ स्पर्धा जिंकल्या आणि सहाशेहून अधिक सामन्यांत विजय मिळवला. या खेळात रॅकेट हाती घेणाऱ्या लाखोंपैकी मोजक्यांच्याच वाट्याला असे यश येते. तरीही ‘अपेक्षाभंग’ हा शब्द त्याच्या नावाला कायमचा चिकटला. अपेक्षा त्याने ठेवली नव्हती. ती इतरांनी नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवली होती.

दुरुस्तीची क्षमता

मग भाकीत नेमके कुठे चुकले? गास्केची गुणवत्ता खोटी नव्हती. डोळ्यांना दिसणारी प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे होती. न दिसणारी गोष्ट म्हणजे पराभवानंतर स्वतःचा खेळ मोडून पुन्हा उभा करण्याची क्षमता. ती लहान वयात कळत नाही. कारण लहान वयात जो सतत जिंकत असतो, त्याला ती वापरण्याची गरजच पडत नाही.

या तिघांच्या कारकिर्दी या कसोटीवर तपासून पाहाव्यात. नदालला सुरुवातीला केवळ मातीवरचा खेळाडू म्हणून हिणवले गेले. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात २००६ आणि २००७ साली तो फेडररकडून हरला आणि २००८ मध्ये ४ तास ४८ मिनिटांच्या लढतीत त्याच हिरवळीवर जिंकला. २०१० मध्ये त्याने अमेरिकन ओपनही खिशात घातली. त्याचे शरीर हा खेळ फार काळ सोसणार नाही, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले जाई. चौदावे फ्रेंच ओपन विजेतेपद त्याने २०२२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी पटकावले.

जोकोविचने २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पण पुढची तीन वर्षे त्याला एकही ग्रँड स्लॅम जिंकता आले नाही. लढत अर्ध्यावर सोडणारा, दमछाक होणारा खेळाडू अशी त्याची संभावना होत असे. त्याने २०१० मध्ये आहारातून गहू वर्ज्य केला, बिघडलेली सर्व्हिस नव्याने बसवली आणि २०११ या एकाच वर्षात तीन ग्रँड स्लॅम जिंकले.

फेडररची गोष्ट याहून बोलकी. २०१४ च्या अखेरीस नदाल २३-१० असा पुढे होता आणि हे द्वंद्व संपले, असेच सर्वांनी गृहीत धरले होते. त्याच वर्षी फेडररने जुनी ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ चौरस इंचांची मोठी रॅकेट स्वीकारली होती. २०१७ मध्ये, सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर, तो बॅकहँडचा फटका चेंडू उसळता उसळताच मारू लागला. ज्या उसळीने त्याला दहा वर्षे छळले, ती खांद्यापर्यंत येण्यापूर्वीच तो चेंडू परतवू लागला. पस्तिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने नदालला पाच सेटमध्ये हरवले. २०१४ नंतर दोघांत झालेल्या सात सामन्यांपैकी सहा फेडररने जिंकले.

नवी जोडी, जुनीच घाई

अल्काराझ आणि सिन्नर यांनी २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतील आठही ग्रँड स्लॅम आपसांत चार-चार वाटून घेतले. जून २०२५ मध्ये फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात सिन्नरकडे विजेतेपदाचे तीन गुण होते. ते वाचवून अल्काराझने ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला. अशा पराभवातून माणूस सावरत नसतो, असे निदान करण्याचा मोह त्या रात्री कुणालाही झाला असता. बरोबर ३५ दिवसांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सिन्नरने त्याच अल्काराझला चार सेटमध्ये हरवले.

त्याच फ्रेंच ओपनच्या दुसऱ्या फेरीत गास्के आपला अखेरचा सामना खेळला. समोर सिन्नर होता. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्याच्यावर भविष्याचा शिक्का मारला गेला होता, त्याने नव्या भविष्याशी हस्तांदोलन करून मैदान सोडले. गास्के हरला, पण प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहिले.

चाहत्यांनी वाद घालू नये, असे कुणी म्हणणार नाही. वादाशिवाय खेळाला रंग नाही. मात्र आकडा फेकताना तो कोणत्या मैदानावरचा आणि कोणत्या वयातला, एवढे विचारावे. आणि चौदा वर्षांखालील स्पर्धा जिंकून आलेल्या एखाद्या मुलीला वा मुलाला ‘उद्याचा विजेता’ ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे. ते मूल हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला येते का, आणि काल जे चुकले तेच सुधारायला घेते का, हे पाहावे. त्याच्या भविष्याविषयी एवढाच पुरावा सध्या हाती असतो.