आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह

दिवस गेल्यावर पहिली रक्ततपासणी झाली की कार्डावर रक्तगट लिहून मिळतो. ए, बी, ओ ही अक्षरं आपण वाचतो, पण बाळाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं असतं ते त्यापुढचं चिन्ह. तांबड्या पेशींवर डी नावाचं एक प्रथिन असतं. ते असेल तर रक्त आरएच पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरातल्या साधारण ५ जणांत ते नसतं.

ते नसल्यामुळे बाईच्या स्वतःच्या तब्येतीला काही होत नाही. प्रश्न उभा राहतो तो बाळाने वडिलांकडून डी घेतलं तर. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की मूल व्यंग घेऊन जन्मतं, असं लग्न जुळवताना अजूनही सांगितलं जातं. त्यात तथ्य नाही. दोघंही निगेटिव्ह असतील तर उलट ही काळजीच मिटते. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह, एवढ्याच जोडीने जपायचं. तेही लग्न मोडायचं कारण मुळीच नाही, कारण यावर चांगला उपाय आहे.

आता पोटात काय घडतं ते पाहू. वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या अवयवात, आईचं आणि बाळाचं रक्त अगदी जवळून वाहतं, पण एरवी मिसळत नाही. बाळंतपणात वार सुटताना मात्र बाळाचं थोडं रक्त आईच्या अंगात जातं. गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, पोटाला बसलेला मार किंवा गर्भजल काढून केलेली तपासणी यांतही ते जाऊ शकतं. काही थेंब पुरतात.

आईच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने डी कधी पाहिलेलंच नसतं. ती त्याला परकं ठरवते आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींना चिकटून त्यांचा नाश घडवणारी प्रथिनं, तयार करू लागते. पहिल्या वेळी हे काम सावकाश चालतं. सुरुवातीच्या अँटिबॉडी आकाराने मोठ्या असतात, त्या वारेपलीकडे जात नाहीत. शिवाय तोवर बाळ बहुधा जन्मलेलं असतं, म्हणून ते सुखरूप राहतं.

घोडं पेंड खातं ते इथेच. पहिल्या वेळी सगळं नीट झालं, मग आता कशाला तपासण्या, असं घरात म्हटलं जातं. पण यंत्रणेला डीची ओळख पटलेली असते आणि ती ओळख जन्मभर टिकते. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर आता लहान आकाराच्या अँटिबॉडी झपाट्याने तयार होतात. आईकडून बाळाला आजारांपासूनचं संरक्षण ज्या वाटेने मिळतं, त्याच वाटेने वार त्यांनाही आत नेते. बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. रक्त कमी पडतं, हृदयावर ताण येतो, अंगात पाणी साचतं आणि बाळ पोटातच दगावू शकतं.

याचा मोठा धागा १९३९ साली अमेरिकेत हाती लागला. मृत बाळ जन्माला आलेल्या एका बाईला नवऱ्याचं रक्त चढवलं आणि तिला त्याचा जोराचा त्रास झाला. बाळात जे परकं होतं तेच नवऱ्याच्या रक्तातही असणार, हे फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी ताडलं.

आता तपासणी. निगेटिव्ह आईची इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करतात. तिच्या रक्तातलं पाणी पॉझिटिव्ह तांबड्या पेशींमध्ये मिसळतात आणि पेशींना अँटिबॉडी चिकटल्या का, हे गुठळ्या होतात का त्यावरून ओळखतात. झाल्या, तर ते पाणी दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात: एकास दोन, एकास चार, एकास आठ. जितकं पातळ करूनही गुठळी दिसते, तितकं अँटिबॉडींचं प्रमाण जास्त.

चाचणी निगेटिव्ह आली की अँटी-डी इंजेक्शन उपयोगी पडतं. ते साधारण २८व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. त्यातल्या तयार अँटिबॉडी आईच्या अंगात आलेल्या बाळाच्या पेशी उरकून टाकतात, तिच्या यंत्रणेने दखल घेण्याआधीच. १९६८पासून हे औषध वापरात आहे आणि ते माणसांच्या रक्तद्रवातूनच बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यात १,१७३ वेळा रक्तदान केलं. केवढे उपकार!

चुका ठरावीक जागी होतात. गोळ्या घेऊन घरीच गर्भपात होतो आणि रक्तगट कोणी विचारत नाही. त्या वेळी इंजेक्शन लागेल की नाही हे किती आठवडे भरले होते त्यावर डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्या कानावर तरी जायला हवं. दुसरं, ७२ तास उलटले म्हणून इंजेक्शन सोडून देतात. तसं करू नये, काही दिवस उशीर झाला तरी विचारावं. तिसरं, इंजेक्शनचा खर्च वाचवतात. अँटिबॉडी एकदा तयार झाल्यावर मात्र ते इंजेक्शन काही करू शकत नाही.

तशी वेळ आलीच तरी हात टेकायचं कारण नाही. सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला वेग मोजतात. बाळाचं रक्त कमी झालं की तो वाढतो. गरज पडली तर बाळाला पोटातच रक्त देतात. हे प्रथम न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी १९६३ साली यशस्वी केलं.

जन्मानंतर बाळाची कावीळ पाहायची. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन नावाचा पिवळा घटक सुटतो. तो फार वाढून मेंदूत उतरला तर बहिरेपण आणि हालचालींतलं कायमचं अपंगत्व येऊ शकतं. म्हणून पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नये, लगेच दाखवावं. बहुतेक बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवून भागतं, काहींचं रक्त बदलावं लागतं.

घरी आल्यावरही आईच्या अँटिबॉडी बाळाच्या अंगात काही आठवडे राहतात. कावीळ उतरलेली असते, पण हिमोग्लोबिन हळूहळू घसरत असतं. बाळ दूध कमी पिऊ लागलं, फिकट दिसलं, पिताना दमलं, तर लसीच्या तारखेची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावं. एरवीही पहिले दोन-तीन महिने डॉक्टर सांगतील तेव्हा हिमोग्लोबिन पाहत राहावं.