पित्त म्हणून दवडलेला तास

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. देवराष्ट्रे हे त्यांचे जन्मगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. म्हणून दोन्ही जिल्हे त्यांना आपले मानतात. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय होते एकाहत्तर.

त्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यावर जगातल्या नामांकित रुग्णालयांकडेही आजच्या मानाने फार थोडे उपाय होते. हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करण्याची पद्धत डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे प्रथम वापरली. भारतात ती रुजायला अजून अवकाश होता. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने प्राण वाचतात हे इटलीतील अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून १९८६ मध्ये सिद्ध झाले. आणि अ‍ॅस्पिरिन? डोकेदुखीसाठी घरोघरी ठेवली जाणारी ती गोळी झटक्याच्या वेळी दिल्यास मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, हे १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिले. तोवर यशवंतरावांना जाऊन चार वर्षे होत आली होती.

आज ही सर्व साधने सांगली, मिरज, कऱ्हाड आणि सातारा येथे उपलब्ध आहेत. ज्या उपचारासाठी पूर्वी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, तो उपचार आता बहुतेकांच्या जिल्ह्यात आला आहे. तरीही रोगी उशिरा पोहोचतो, आणि पुष्कळदा हा उशीर रस्त्यावर होत नाही, घरात होतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या हळद व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. पहाटे चार वाजता घरातील अण्णा उठून बसतात. छातीवर कोणी पोते ठेवल्यासारखे वाटते, कपाळावर गार घाम येतो, डावा हात जड पडतो. पत्नी विचारते, “अहो, डॉक्टरांना फोन करू का?” अण्णा म्हणतात, “नको, काल लग्नातलं जेवण बाधलं. पित्त झालंय. जरा सोडा दे.” सोडा पोटात जातो, ढेकर येतो, क्षणभर बरे वाटते. मुलगा जागा होतो तेव्हा पाच वाजलेले असतात. सकाळ झाली की दाखवू, असे ठरते. असे संवाद दोन्ही जिल्ह्यांत किती घरांत झडले असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

त्या एका तासात अण्णांच्या छातीत काय घडते, हे कळण्यासाठी टेंभूला जावे. कऱ्हाड तालुक्यातील या गावाजवळ कृष्णेचे पाणी अडवून ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर उचलले जाते आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या कोरड्या माळांपर्यंत पोहोचवले जाते. मानवी हृदय हाच उद्योग करते. मूठभर आकाराचा, साधारण तीनशे ग्रॅम वजनाचा हा स्नायू मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतो. दिवसाकाठी सात हजार लिटरांच्या आसपास. त्यासाठी तो चोवीस तासांत सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. उजवा भाग शरीरातून परतलेले अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो. डावा भाग तेथून प्राणवायू घेऊन आलेले रक्त सर्व शरीराला पुरवतो. डाव्याला अंतर दूरचे, दाब मोठा. म्हणून त्याची भिंत उजव्यापेक्षा बरीच जाड असते.

येथे एक मौज आहे. ज्या हृदयातून अहोरात्र रक्ताचा लोंढा वाहतो, त्या हृदयाच्या स्नायूला त्या लोंढ्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. कोयना धरण तुडुंब भरले तरी शेताला पाणी पाटानेच द्यावे लागते, तसे हृदयालाही स्वतःच्या पोषणासाठी वेगळे पाट लागतात. महारोहिणी हृदयातून बाहेर पडते तिथेच तिला दोन बारीक फांद्या फुटतात. त्यांची जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. या फांद्या हृदयावर मुकुटासारख्या पसरतात. हृदय आकुंचन पावते तेव्हा डाव्या भागातील या वाहिन्या दाबल्या जातात, सैल पडते तेव्हा त्या भरतात. दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत हृदय आपले जेवण उरकते, असे म्हणायला हरकत नाही.

वयानुसार, आणि तंबाखू, मधुमेह, रक्तदाब व रक्तातील चरबी यांच्या संगतीने, या पाटांच्या भिंतीत गाळ साचतो. गाळाने पाट निम्म्याहून अधिक बुजला की चढ चढताना, भरल्या पोटी चालताना छाती आवळते आणि थांबले की बरे वाटते. अजिंक्यताऱ्यावर रोज फिरायला जाणारा मनुष्य एके दिवशी अर्ध्या वाटेवर थबकू लागला, तर त्याने ते वयावर ढकलू नये. झटका याहून वेगळा. गाळावरचा पातळ पापुद्रा अचानक फाटतो, तेथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि पाट पूर्ण बंद होतो. पुढचा स्नायू उपाशी पडतो. साधारण वीस-तीस मिनिटांनंतर तो मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तेथे व्रण उरतो. अण्णांचा सोडा, ढेकर आणि “सकाळी बघू” या सगळ्यात खर्च झाला तो हा स्नायू.

पित्ताशी गल्लत व्हावी याला कारण आहे. हृदयाच्या खालच्या बाजूला इजा झाली की दुखणे पोटाच्या वरच्या भागात जाणवते, मळमळते, उलटीही होते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये कधीकधी छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप, गार घाम किंवा अनाकलनीय थकवा येतो. त्यामुळे आईच्या तक्रारीकडे घरात अधिकच दुर्लक्ष होते. तीही “काही नाही रे, दमले असेन” म्हणून कामाला लागते. जबड्यापासून बेंबीपर्यंतचे कोणतेही नवे, घामासह आलेले, पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारे दुखणे हृदयाचे समजूनच चालावे. ते पित्त निघाले तर एका कार्डिओग्रामाचा खर्च वाया गेला, एवढेच.

अशा वेळी रोग्याने स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये, जिना चढू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा; ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. अ‍ॅस्पिरिनचे वावडे किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून तीनशे मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. सांगली शहरातील माणसाला अँजिओप्लास्टीची सोय तासाभरात गाठता येते. जतच्या पूर्व भागातील किंवा पाटणच्या डोंगरातील वाडीवरल्या माणसाला तसे जमेलच असे नाही. दोन तासांत ती सोय गाठता येणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयात कार्डिओग्राम काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी घ्यावे आणि मग मोठ्या रुग्णालयाकडे निघावे, असा वैद्यकशास्त्राचा प्रघात आहे. “थेट मोठ्या डॉक्टरकडेच नेऊ” हा नातेवाइकांचा आग्रह प्रेमापोटी असतो, पण तो महागात पडू शकतो.

झटका आणि हृदय बंद पडणे हे एकच, असे वर्तमानपत्रेही सर्रास लिहितात. ते वेगळे आहेत. पाट बुजणे हा पाण्याचा बिघाड. हृदय थांबणे हा विजेचा. उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटा पेशीपुंज आहे, तो विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा हलका इशारा देतो. ही वीज विस्कटली की हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही, माणूस काही क्षणांत कोसळतो. झटका हे त्याचे मोठे कारण, पण एकमेव नव्हे. कोसळलेल्या माणसाचा श्वास नीट चालत नसेल तर तोंडावर पाणी मारत बसू नये. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे, मदत येईपर्यंत.

झडपांचे दुखणे निराळे. विहिरीवरच्या मोटारीचा फूट-व्हॉल्व्ह गळू लागला की पाणी मागे पडते. हृदयाच्या चार झडपांचेही तसेच. लहानपणी घसा सुजतो, विशिष्ट जंतूंशी लढताना शरीर आपल्याच झडपांवर हल्ला करते, आणि वीस वर्षांनी एखादी तरुण सून बाळंतपणात धापा टाकू लागते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा तापासह सुजलेला घसा म्हणून हलका घेऊ नये. एकदा सांधेताप होऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते, आणि ते चुकवले जाते हीच मोठी अडचण.

शाकाहारी, निर्व्यसनी घराला हृदयविकार शिवत नाही, हा समज गोड आहे. खरा मात्र नाही. तळण, पापड, लोणची, मिठाई आणि दुकानातील बैठे काम यांची भरपाई शाकाहार करू शकत नाही. याच घरांत आणखी एक धोका असतो, ज्याविषयी रोगी डॉक्टरांना सांगायला संकोचतो आणि डॉक्टर विचारत नाहीत. झटक्यानंतर रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात निर्जळ उपवास धरला, चार-आठ दिवस गोळ्या बंद राहिल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. ज्याचे हृदय दुर्बळ झाले आहे आणि जो लघवी वाढवणारी गोळी घेतो, त्याने पाणी वर्ज्य केले तर रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. कृत्रिम झडप बसवलेल्याचा आहार एकाएकी बदलला की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची मात्राही चुकते.

याला वाट आहे. सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नसेल तर बहुतेक गोळ्या सकाळच्या व सायंकाळच्या आत बसवता येतात. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीऐवजी एकदाच घ्यायची चालेल का, हे डॉक्टरच सांगू शकतात. निर्जळ उपवास न झेपणाऱ्याला एकाशन किंवा रसत्याग झेपेल का, हेही पर्वाच्या महिनाभर आधी विचारायचे असते, पर्वाच्या आदल्या रात्री नव्हे. त्या भेटीत डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत उतरवून फोनजवळ, १०८ या आकड्याशेजारी चिकटवावी. पहाटे चार वाजता चष्मा सापडत नाही.