टीसीएल टाकलं, तरी पाइपातले जंतू मरत का नाहीत?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

सकाळी उठल्या उठल्या दातांवरून जीभ फिरवून बघा. एक चिकट थर जाणवतो. नुसती चूळ भरून तो जातो का? नाही, ब्रशच लागतो. हा जिवाणूंचा थर असतो. त्याला म्हणतात बायोफिल्म. आणि तसाच थर आपल्या पाण्याच्या पाइपांत आतून बसलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, पाण्यात क्लोरीन असतं की! असतं. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. गावाकडे पाण्यात थेंब टाकून ते पिवळं होतंय का बघतात, ती ओटी टेस्ट यासाठीच. पण ही टेस्ट वाहत्या पाण्याची झाली. पाइपच्या भिंतीवर काय चाललंय, ते तिच्यात कळत नाही.

तिथे काय चालतं? काही जिवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती साखर नि प्रथिनांचा बुळबुळीत पदार्थ सोडतात. क्लोरीन फार घाईचं रसायन. जे समोर येईल त्याच्याशी त्याची रासायनिक क्रिया होते. त्यामुळे या बुळबुळीत थराशी आणि लोखंडी पाइपाच्या गंजाशी झटापट करण्यातच ते संपून जातं. आतल्या जिवाणूंपर्यंत पोचतं ते फार थोडं. त्यात तळाच्या जिवाणूंना अन्न कमी मिळतं, म्हणून ते अगदी संथ जगतात. असे सुस्त जिवाणू मारायला आणखी कठीण.

किती कठीण? १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, थरातले जिवाणू सुट्या जिवाणूंपेक्षा क्लोरीनला १५० ते ३००० पटींहून जास्त दाद देत नव्हते. मोनोक्लोरामाइन मात्र सावकाश काम करतं, म्हणून थरात खोलवर जातं. तिथे हा फरक २ ते १०० पटच होता.

घाबरू नका. या थरातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. पण लिजिओनेलासारखे रोगजंतूही त्यात आसरा घेतात, आणि थराचे तुकडे सुटले की पाण्यात उतरतात.

आपल्याकडे पाणी येतं ठरावीक वेळेला. चावीवाल्याने व्हॉल्व्ह उघडला की रिकाम्या पाइपात पाणी जोरात घुसतं आणि भिंतीवरचं खरवडून आणतं. शिवाय पाइपात दाब नसताना गळतीच्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं, ते वेगळंच. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा पाणी सुटल्यावरचं सुरुवातीचं पाणी जास्त गढूळ आणि जास्त जिवाणूंचं निघालं.

मग आपण काय करायचं? पाणी आल्यावर पहिली बादली पिण्यासाठी भरू नका. ती फरशीला, झाडांना वापरा. सोसायटीची टाकी धुताना आधी ती रिकामी करून भिंती ब्रशने घासायला लावा, टीसीएल त्यानंतर. न घासता नुसती पावडर ओतणं म्हणजे चूळ भरणं. आणि शंका असेल तर पाणी उकळून प्या.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा: टाकी शेवटची घासली कधी? उत्तर काय मिळालं, आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!