ग्रामीण महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा हंगाम : चंदगड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याची ओळख कुस्तीबरोबर फुटबॉलशीही जोडलेली आहे. तथापि ही ओळख प्रामुख्याने कोल्हापूर शहराची आहे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, कर्नाटक आणि गोव्याच्या सीमेलगत वसलेला चंदगड तालुका शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. चंदगड येथील र. भा. माडखोलकर महाविद्यालय आणि हलकर्णी येथील यशवंतराव चव्हाण महाविद्यालय ही शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. अशा ग्रामीण महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाच्या वाट्याला वर्षभरात प्रत्यक्ष किती खेळ येतो, तो तेवढाच का येतो आणि त्यात प्राध्यापकवर्गाला काय करता येण्यासारखे आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हंगामाची रचना

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यानंतर त्याचे कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांचे राहिले. महाविद्यालयीन संघ प्रथम विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तेथे यश मिळाल्यास आंतरविभागीय स्पर्धा येते. या स्पर्धांतील निवडक खेळाडूंमधून विद्यापीठाचा संघ घडतो आणि तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत भाग घेतो. शिडीची ही रचना निवडीच्या दृष्टीने सोयीची आहे. मात्र निवड आणि घडण या दोन भिन्न गोष्टी आहेत. निवडीसाठी थोडे सामने पुरतात. घडणीसाठी पुष्कळ लागतात.

बाद पद्धतीचे गणित

बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यागणिक एक संघ बाहेर पडतो. त्यामुळे १६ संघ असतील तर विजेता ठरण्यासाठी नेमके १५ सामने लागतात. यांपैकी ८ संघ एकच सामना खेळतात, ४ संघ दोन, २ संघ तीन आणि अंतिम फेरीतील दोन संघ प्रत्येकी चार सामने खेळतात. सरासरी काढल्यास प्रत्येक संघाच्या वाट्याला दोनपेक्षाही कमी सामने येतात. पूर्ण वेळेचा सामना गृहीत धरला, तरी निम्म्या संघांचा वर्षाचा हंगाम ९० मिनिटांत संपतो. राखीव खेळाडूच्या वाट्याला तेवढाही वेळ येत नाही.

याच १६ संघांचे चार गट करून प्रत्येक गटात साखळी सामने खेळविल्यास गटांचे २४, उपांत्य फेरीचे दोन व अंतिम एक असे २७ सामने होतात. म्हणजे १२ सामने वाढतात, परंतु कोणताही संघ तीनपेक्षा कमी सामने खेळून परतत नाही. यजमान महाविद्यालयाला निवास, भोजन, पंच व मैदान यांचा वाढीव भार सोसावा लागतो, हे खरे आहे. बाद पद्धत टिकून राहण्याचे मुख्य कारण हेच आहे.

पाऊस, शेती आणि सत्र

चंदगड तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. जून ते सप्टेंबर या काळात तेथे मुसळधार पाऊस पडतो आणि मोकळे मैदान नियमित सरावास अयोग्य ठरते. याच काळात भात आणि नाचणीच्या लावणीची कामे असतात. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला घरच्या कामातून सवड नसते. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुगी आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा एकदमच येतात. महाविद्यालयीन स्पर्धांचा मोसम साधारणतः याच पहिल्या सत्राच्या आगेमागे असतो. परिणामी मैदान सुकण्याच्या सुमारास संघाचा हंगाम संपलेला असतो.

सरावाच्या अभावाचे शारीरिक परिणामही लक्षात घेतले पाहिजेत. नियमित व्यायाम थांबल्यास काही आठवड्यांतच दमश्वास कमी होऊ लागतो. उच्च दर्जाच्या सामन्यात मध्यफळीचा खेळाडू सुमारे १० किलोमीटर धावतो. तयारीविना मैदानात उतरलेल्या खेळाडूला दुखापतीचा धोका अधिक असतो. फिफाने २००६ साली विकसित केलेला ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा पूर्वव्यायाम नियमित केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात घटतात, असे संशोधनातून दिसून आले आहे. त्यास कोणतेही महागडे साहित्य लागत नाही आणि तो सभागृहातही करता येतो. पावसाळ्यातील सरावाची सुरुवात यापासून करता येईल.

हवामानावर मात करता येते, याचा मोठा दाखला आइसलँडचा आहे. सुमारे साडेतीन लाख लोकसंख्येच्या या थंड देशाने आच्छादित मैदाने उभारली, प्रशिक्षक तयार केले आणि २०१६ ची युरोपीय स्पर्धा व २०१८ चा विश्वचषक गाठला. तेवढा खर्च तालुक्याच्या आवाक्यातील नाही. वर्षभर खेळ चालू ठेवण्याचे तत्त्व मात्र तेच आहे.

शहराचा आणि शेजारचा दाखला

कोल्हापुरातील फुटबॉल पेठापेठांतील तालमींच्या आश्रयाने वाढला. तालीम ही मूळची कुस्तीची संस्था. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे आज फुटबॉलसाठीही तितकीच परिचित आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा आणि छत्रपती शाहू स्टेडियमवरील विविध चषक स्पर्धा यांमुळे शहरातील तरुणाला एका मोसमात अनेक सामने मिळतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. त्याची पुढील जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, ही बाब सातत्यपूर्ण प्रशिक्षणाचे महत्त्व अधोरेखित करते.

चंदगडच्या दृष्टीने अधिक जवळचा दाखला गडहिंग्लजचा आहे. तेथील गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशनने दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या स्पर्धांतून परप्रांतीय संघांनाही आपल्या गावी आणले आहे. फुटबॉल केवळ जिल्ह्याच्या मुख्य शहरातच रुजतो, हा समज यामुळे खोटा ठरतो.

मोजमापाचा प्रश्न

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची क्रीडा पारितोषिके आणि स्पर्धांतील सहभाग विचारात घेतला जातो. पहिल्या सामन्यात पराभूत झालेला संघही त्या तक्त्यात ‘सहभाग’ म्हणून नोंदला जातो. वर्षभर मैदानावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, सरावाचे दिवस आणि खेळलेले सामने यांना त्यात ठळक स्थान नाही. महाविद्यालयाच्या जिमखान्याने ही नोंद स्वतःसाठी ठेवल्यास हंगामाचे खरे चित्र समोर येईल. राज्य शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु त्यासाठी लागणारी वरच्या स्तरावरील कामगिरी एका सामन्याच्या हंगामातून घडणे अवघड आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांतील भिंत दूर करण्याची भूमिका घेतली आहे. त्या भूमिकेला या नोंदींतून आशय मिळू शकेल.

निष्कर्ष

चंदगड, हलकर्णी आणि आजरा येथील महाविद्यालये, तसेच गडहिंग्लजची शिवराज, डॉ. घाळी व ओंकार ही महाविद्यालये उदाहरणादाखल घेतली, तर सहा संघांची एकेरी साखळी १५ सामन्यांची होते. १६ संघांच्या बाद स्पर्धेलाही तितकेच सामने लागतात. येथे मात्र प्रत्येक संघ पाच सामने खेळतो. एका रविवारी एकाच मैदानावर तीन सामने घेतल्यास पाच रविवारांत ही साखळी पूर्ण होते. मुक्कामाचा खर्च त्यात नाही. सकाळी निघालेला संघ सायंकाळी परततो. डिसेंबर व जानेवारी हे महिने त्यासाठी सोयीचे आहेत, कारण मैदान कोरडे असते आणि भाताची सुगी व सत्रपरीक्षा दोन्ही आटोपलेल्या असतात. ऊसतोडीचा हंगाम चालू असल्याने काही विद्यार्थ्यांची अडचण राहील. रविवारची निवड त्यांच्यासाठीही उपयुक्त आहे.

विद्यापीठीय स्पर्धा संपल्यानंतरच्या या साखळीचा उपयोग काय, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु पदवीचा विद्यार्थी किमान तीन वर्षे महाविद्यालयात असतो. प्रथम वर्षाच्या हिवाळ्यात पाच सामने खेळलेला विद्यार्थी द्वितीय वर्षी विभागीय स्पर्धेत अनुभवी खेळाडू म्हणून उतरेल. शारीरिक शिक्षण संचालकाला यासाठी अन्य विषयांच्या प्राध्यापकांची साथ लागेल : वेळापत्रकाची, हजेरीच्या सवलतीची आणि रविवारी मैदानावरील उपस्थितीची. ती मिळाल्यास पराभूत संघालाही पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरता येईल.