कोपराजवळची तुटलेली कंडरा : वेळीच निदान हवे

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनसंपन्न जिल्ह्यांत असंख्य कुटुंबांचा चरितार्थ हाताच्या बळावर चालतो. आलापल्लीच्या वनात सागाचे ओंडके हलविणे, बल्लारपूरच्या आगारात लाकूड रचणे, उन्हाळ्यात तेंदूपानांची पोती ट्रकवर चढविणे अशा कामांत कोपराची एक दुखापत संभवते आणि ती सहज नजरेआड होते. ही दुखापत म्हणजे द्विशिर स्नायूची कंडरा तुटणे होय.

दंडावर बेटकुळी दिसते ती या स्नायूची. त्याचे खालचे टोक कोपरापुढील, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिवट कंडरेने जोडलेले असते. वाकविलेल्या हातावर अकस्मात भार येऊन तो सरळ ओढला गेला, की कंडरा हाडापासून सुटते. चाळिशी ते साठीतील पुरुषांत हे अधिक आढळते. धूम्रपानामुळे धोका वाढतो.

लक्षणे व निदान

तुटताना ‘कट्’ असा आवाज होतो, कोपराच्या खळगीत काळेनिळे पडते आणि बेटकुळी वर सरकते. तरीही खालचा दुसरा स्नायू शाबूत असल्याने कोपर वाकते. म्हणूनच ‘नुसती लचक आहे’ असा समज होतो. खरी उणीव पेचकस फिरविताना, म्हणजे तळहात वर वळविताना जाणवते.

कोपर काटकोनात वाकवून तळहात स्वतःकडे वळविल्यास निरोगी हाताची कंडरा दोरीसारखी ताठ होते व बाहेरच्या बाजूने तिच्याखाली बोट अडकविता येते. ती पूर्ण तुटली असल्यास बोटाला काहीच लागत नाही. क्ष-किरण चित्रात हाड मोडले आहे का ते कळते. कंडरेसाठी सोनोग्राफी वा एमआरआय लागते.

उपचार

प्रथम हात झोळीत ठेवून थंड पाण्याचा शेक द्यावा. मालिश करू नये. अंशतः फाटलेली कंडरा विश्रांती व व्यायामाने बरी होऊ शकते. पूर्ण तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने हाडाला पुन्हा जोडतात. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करणे हितावह असते. पुढे कंडरा आखडते व जोडणे कठीण होते. शस्त्रक्रियेनंतर जड कामास काही महिने लागतात. शस्त्रक्रिया न केल्यास नित्याचे व्यवहार चालतात, परंतु हात वळविण्याचे बळ बरेच घटते. वयस्कर व हलके काम करणाऱ्यांना ते चालू शकते. मजुराला मात्र ही उणीव जन्मभर जाणवते.

सिरोंचा, भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यांत रुग्णालय गाठण्यातच दिवस जातात. म्हणून शिक्षक, पंचायत सदस्य व वनकर्मचारी यांनी अशा मजुरास ‘आठ दिवस थांब’ न सांगता विनाविलंब जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.