पाण्याला वास येतो म्हणून

विहिरीत टीसीएल पडले की ग्रामपंचायतीत तक्रार येते. नाही पडले तर महिनोन्महिने कोणी तोंड उघडत नाही. ‘पाण्याला औषधाचा वास मारतोय’, ‘चहाला चव राहिली नाही’, ही वाक्ये गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतात. वास गेला की सगळे खूश. मग ऐन पावसाळ्यात एखाद्या वाडीत घराघरांत जुलाब सुरू होतात, प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी येते आणि पहिला प्रश्न विचारला जातो: टीसीएल शेवटचे कधी टाकले होते? लोक कशाची तक्रार करतात आणि कशाने आजारी पडतात, यांची तोंडे पुष्कळदा विरुद्ध दिशांना असतात. गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्यांची निम्मी शक्ती ही दोन तोंडे एकमेकांकडे वळवण्यात जाते.

त्यासाठी सरकारदरबारी एक समिती आहे. नाव उच्चारतानाच धाप लागावी असे: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून ही समिती आली. ग्रामपंचायतीचे लोक, आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, बचत गटातल्या बाया, असे तिचे साधारण स्वरूप. वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठरला. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचे. रक्कम वाचून हसू येते, पण त्या पैशाची गोष्ट पुढे.

गावाने आपल्या स्वच्छतेची समिती नेमावी ही कल्पना मात्र २००५ ची नव्हे. मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा स्वतंत्र कायदा झाला, आणि गावोगावी स्वच्छता समित्या व मंडळे नेमण्याची सोय त्यात होती. पाणवठा, उकिरडा आणि गटार हेच तेव्हाही विषय होते. सात-आठ वर्षांनी प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी त्याचे निदान केले आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याची प्लेग समिती बसली. गोरे सोजीर घरात शिरून झडती घेत, सामान रस्त्यावर काढत, बायामाणसांची सर्वांसमक्ष तपासणी होई. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या ते शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले आहे. त्या इतिहासाकडे आपण राजकीय अंगानेच पाहतो. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर रोग खरा होता, उपायांमागची भीतीही खरी होती, पण ज्यांच्या घरात जायचे त्यांना विचारायची पद्धत नव्हती. तेव्हापासून ‘आरोग्य खात्याचा माणूस’ दारात आला की घरातले थोडे आक्रसतात, असे मला वाटते. आशाताई दारात आली तर मात्र ‘बस गं, चहा घे’ म्हणतात. ती गावचीच सून असते.

आता परत विहिरीकडे. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती टाकण्याचे शास्त्र सोपे आहे, पण टाकण्याची रीत बहुतेक ठिकाणी चुकते. गोणीतून ओंजळभर पावडर काढून काठावरून भिरकावली की काम झाले, अशी समजूत. खरे तर आधी पाणी किती आहे ते काढावे लागते. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचे, मग पाण्याच्या खोलीने, मग ०.७८५ ने आणि शेवटी हजाराने. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते २८ हजार लिटरच्या थोडे वर भरते. पावडर ताजी आणि पाणी नितळ असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सत्तरेक ग्रॅम पुरते. पावडर जुनी, पाणी गढूळ, तर मात्रा दुप्पटही करावी लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली तीन चतुर्थांश भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचे आणि दहा मिनिटे तशीच ठेवायची. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतायची आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हिंदकळवायची. तळचा चुना विहिरीत जाता कामा नये, त्याने पाणी जड होते. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी कोणी उपसायचे नाही. सकाळी सहाला नळ सोडायचा तर हे सगळे पाचच्या आत उरकावे लागते. पाणी सोडणारा माणूस बहुधा ग्रामपंचायतीचा शिपाईच असतो. पाणीपट्टीची बिले वाटायची ती त्यानेच, दवंडी द्यायची तीही त्यानेच. त्याचे मानधन वेळेवर निघते का, हा प्रश्न आरोग्याचा आहे असे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पण हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली, तोंड उघड्या गोणीत पडलेली टीसीएल म्हणजे पुष्कळदा नुसता चुनाच. टाकल्याची नोंद वहीत होते आणि पाण्यात काहीच जात नाही. म्हणून नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, द्रावणाचे थेंब टाकायचे. लगेच पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. रंग नाही तर क्लोरीन नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करू नये, वस्तीच्या पार टोकाच्या घरी करावी. टोकाला बहुधा गरिबाचे घर असते, आणि फुटक्या पाइपात गटाराचे पाणी शिरते तेही तिथवर जाताजाताच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवायचे ठरले, त्यातली चांगली गोष्ट अशी की चाचणीची नळी आता पाणी भरणारीच्या हातात आली.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाण्याच्या सगळ्या स्रोतांची पाहणी होते. विहिरीला कठडा आहे का, शेजारी उकिरडा किंवा शौचालय आहे का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, गळती किती, टीसीएलचा साठा आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते, आणि सलग पाच वर्षे हिरवे टिकवणाऱ्याला चंदेरी. कार्डांची ही पद्धत मला आवडते, कारण ती लिहितावाचता न येणाऱ्यालाही कळते. फक्त कार्ड मिळाल्यावर ते सरपंचाच्या टेबलाच्या खणात जाते, पाणवठ्यावर लागत नाही.

पाण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे धूसर झाले की काय होते, ते पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिले. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. नांदेडची मोठी विहीर, खासगी टँकर, आर.ओ.चे जार, सगळ्यांची तपासणी सुरू झाली. ही गावे गेल्या काही वर्षांत महापालिकेत आलेली. ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर गावची समिती गेली, आणि शहरी जलशुद्धीकरणाची व्यवस्था सगळीकडे पोहोचायच्या आधीच इमारती उभ्या राहिल्या. अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगचे भांडण रोज होते. टाकीतल्या क्लोरीनची चौकशी साथ आल्यावर होते.

पाण्याखालोखाल तक्रार डासांची. इथे लोकांची मागणी ठरलेली: ‘धूर फवारा.’ धुरळणीचे यंत्र भणभणत गल्लीतून गेले, पोरे त्यामागे पळाली, की काहीतरी झाले असे सगळ्यांना वाटते. धुराने उडते डास मरतात; टाकीतल्या, टायरमधल्या, फ्रिजमागच्या ट्रेमधल्या अळ्यांना तो शिवतही नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ ठरला. हिशेब बिनचूक आहे, पण ज्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येते तिथे भरलेले पिंप ओतून द्या असे आशाने कोणत्या तोंडाने सांगायचे? ती मग झाकण लावायला सांगते, ॲबेटचे थेंब टाकते, शौचालयाच्या पाइपाला जाळी बांधायला लावते. डासांची तक्रार घेऊन आलेल्याला उत्तर पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक सुधारून द्यावे लागते. ते समितीच्या हातात थोडेच असते.

गटाराच्या बाबतीत मात्र एका गावाने वाट काढली. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने सांडपाणी गटारात सोडण्याऐवजी घराशेजारीच जिरवायचे ठरवले. साधारण चार फुटांचा खड्डा, मधोमध वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची छोटी टाकी, भोवती मोठे दगड आणि त्यावर लहान खडी. पाणी टाकीत येते, गाळ तळाशी राहतो, वरचे पाणी भोकांतून दगडांत आणि दगडांतून जमिनीत. वर्षातून कधीतरी टाकीतला गाळ काढायचा. लोकांनी याला जादूचा खड्डा म्हटले आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून तो जिल्हाभर गेला. डबकी गेली, उघडे गटार गेले, तेव्हा धुरळणीची मागणी करायची वेळच उरली नाही. काळ्या चिकण मातीत हा खड्डा तुंबतो, खडकात पाणी जिरतच नाही, तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून खणू नये.

तिसरी तक्रार ‘दवाखाना बंद असतो’ ही. सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावे असा दंडक आहे. तिथली आरोग्य सेविका लसीकरणाला वाडीवर गेलेली असते किंवा तालुक्याच्या बैठकीला. दाराला कुलूप दिसते आणि गाव चिडते. ही चीड नीट मांडण्याची रीत २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीने घालून दिली. गावकऱ्यांनी सेवांना चांगली, बरी, वाईट असे रंग द्यायचे, आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांच्या समोर बसून अनुभव सांगायचा. बाहेरून औषध आणायला का लावले, सुईचे पैसे कोणी घेतले, बाळंतपणाला गाडी का आली नाही. समोरासमोर बसल्यावर डॉक्टरांचीही बाजू निघते: पदे रिकामी, औषधांचा पुरवठा उशिरा. त्या गरमागरमीतून सुटतील त्या गोष्टी तिथल्या तिथे सुटत, उरलेल्या जिल्ह्याकडे जात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आदिवासींना विचारले, दवाखाना कसा हवा? मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहता आले पाहिजे, असे उत्तर आले. म्हणून तिथे झोपड्यांसारख्या घरांचा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. याच भागात गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, आणि आशांच्या घरभेटींना पुढे त्याचाच आधार मिळाला.

राहिले ते समितीचे दहा हजार. हातपंपाचा ओटा, वजनकाटा, अडल्यानडल्या बाळंतिणीला रात्रीची जीप, एवढ्यात ते संपतात. गाव जागे असेल तर पुरतात, नसेल तर मार्चअखेरीस कोणी न मागितलेल्या खुर्च्या-कपाटे घेऊन हिशेब जुळवला जातो. पावत्या ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणणारी एखादी बाई असली की हा प्रकार थांबतो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती खरोखर घेतली गेली तर पाण्याचा, गटाराचा आणि दवाखान्याचा विषय तिथे आपसूक निघतो, कारण हंडा तिच्याच डोक्यावर असतो.

हा अंक हाती येईल तोवर पावसाळ्यानंतरची पाहणी बहुतेक ठिकाणी आटोपलेली असेल. दिवाळीला गावी गेलात तर ग्रामपंचायतीत यंदाचे कार्ड कोणत्या रंगाचे आले ते विचारा, आणि ओ.टी.ची वही मागून शेवटच्या घराची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा.