गोरेपणाच्या डबीतला पारा

लग्नसराई आली की आपल्या वस्त्यांतल्या पार्लरमध्ये एक छोटी डबी हातोहात खपते. तिच्यावर कंपनीचा पत्ता नसतो, घटकांची यादी नसते. ‘आठ दिवसांत फरक’ एवढीच हमी असते. फरक दिसतोही, म्हणून तर ती विकली जाते. तो कशामुळे दिसतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार व्हायला एक विकर लागते. पारा त्या विकराचे काम अडवतो आणि रंग उतरतो. पण पारा तिथेच थांबत नाही, तो रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. केरळमधल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांचा आजार एका विशिष्ट, एरवी क्वचित दिसणाऱ्या प्रकारचा होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. हे प्रकरण फक्त केरळचे नाही. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या महिलांची मूत्रपिंडे अशाच क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती.

चेहरा धुतला की पारा गटारात, तिथून नाल्यात आणि नदीत जातो. पारा हे मूलद्रव्य आहे, ते कुजून संपत नाही. गाळातले जिवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी करतात. ते माशांत साठत जाते आणि मासे खाणाऱ्याच्या ताटात येते. जपानमधल्या मिनामाता गावाने हे भोगले. तिथला आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. तिथे पारा कारखान्यातून आला होता आणि प्रमाणही प्रचंड होते, हे खरे. पण पाण्यातला त्याचा प्रवास तोच. शिवाय टॉवेल आणि उशीवाटे तो घरातल्या तान्ह्या बाळापर्यंतही जातो.

त्या गावाच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. पारा मिसळलेली सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायची, असे करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवले. आपल्याकडेही अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. पण बिनपत्त्याच्या डबीला कसला कायदा! आणि काळ्या रंगाला हिणवणारी जातीची नजर शाबूत आहे तोवर गिऱ्हाईकही मिळत राहणार. मुलींना दोष देऊन उपयोग नाही.

डबी ओळखायची कशी? ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ हे शब्द म्हणजे पाराच. ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तरी संशय घ्यावा. कुणी लावत असेल तर आधी थांबवायला सांगा. पायाला सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगून लघवीतली प्रथिने तपासून घ्या. उरलेली डबी गटारात रिकामी करू नका, जाळू तर नकाच. झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रारीसोबत दाखवा. तक्रारीची पोच मागून घ्या.